ठरवलेला रुसवा

पुंजानानांचं नाव निघालं की मी चहा सांगत असे. चहा येईपर्यंत विषय बदलता येतो. ही युक्ती मला बरीच वर्षं पुरली. आता डॉक्टरांनी चहा बंद केला आहे आणि नानांबद्दल विचारणारेही फारसे उरलेले नाहीत. जे आहेत त्यांच्या लेखी नाना म्हणजे परदेशी पाहुण्यांसमोर रुसून बसलेला, नाशिकची लाज घालवलेला म्हातारा. ते खोटं आहे. खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं. त्यातले नाना बोलणार नव्हते, आणि दुसरा मी.

नाना मखमलाबादचे. मळ्यात शेवंती, झेंडू, निशिगंध, आणि कडेनं मेथी-कोथिंबीर. मी सटाण्याकडचा, सरकारी कचेरीतल्या नोकरीसाठी नाशकात आलो आणि त्यांच्या मळ्याला लागून दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. शेतकऱ्यांशी संबंध येणारी कचेरी, म्हणून ते मला भाऊसाहेब म्हणत. उंच, वाळका माणूस, पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायची सवय. पहिल्या भेटीत मला वाटलं, माझ्या चपला तुटल्यात.

फुलं हा त्यांचा धंदा होता. काम होतं मानपानाचं. पंचक्रोशीत लग्न ठरलं की मांडववाल्याच्या आधी नानांना बोलावणं जायचं. टोपी-उपरणं आधी कोणाला, गंध कोणाच्या कपाळी पहिलं, पंगतीत मामा कुठे आणि आत्याचे यजमान कुठे, हे सगळं ते ठरवत. याचे पैसे घेत नसत. त्यांच्या मांडवातून पाहुणा उपाशी गेला असं कधी झालं नव्हतं, आणि त्यांची सगळी मिळकत ती.

पायांचं कोडं मला दिंडोरीच्या एका लग्नात उलगडलं. नाना मांडवाच्या दारात उभे राहून चपला बघत होते.

“रुसणारा माणूस चपला लांब काढत नाय, भाऊसाहेब,” ते मला म्हणाले. “उठून जायला सोप्या पडतील अशा ठेवतो. ती बघा, नवरदेवाच्या चुलत्याची जोडी. तोंड रस्त्याकडं हाय.”

चुलता मांडवात हसतखेळत बसला होता. मला काही दिसलं नाही. नानांनी मात्र मुलीच्या मामाकडे बघून टोपी जरा मागे सारली. त्यासरशी तो मामा, म्हणजे आपल्याच बाजूचा माणूस, ताडकन उठला, आपल्याला कोणी विचारत नाही असं ओरडला आणि तरातरा जाऊन विहिरीच्या कठड्यावर बसला. मांडवात एकच धावपळ. समजूत घालायला दोन्हीकडची मंडळी निघाली, आणि नानांनी त्यांच्या पुढे कोणाला घातलं, तर नवरदेवाच्या चुलत्याला. चुलत्यानं मामाचा हात धरून त्याला परत आणलं, शेजारी बसवलं, स्वतःच्या हातानं जिलेबी वाढली. मग त्याला स्वतः रुसायची सोय राहिली नाही.

नंतर त्यांनी मला तत्त्व सांगितलं. मांडव म्हटला की एक रुसवा असतोच. तो कोणाच्या वाट्याला जायचा, हे आधी ठरवायचं. आपल्यातलाच एक रुसायला लावायचा, चारचौघांत त्याची समजूत घालायची, म्हणजे बाकीच्यांची हौस फिटते. फक्त एक अट: हा रुसवा ठरवलेला होता हे मागाहूनही कोणाला सांगायचं नाही. बायकोलाही नाही. “सांगितला की त्याची नौटंकी होते. मग पुढच्या लग्नात खरा रुसलेला बी खोटा वाटतो.”

अंबडच्या एका कारखान्याच्या उद्घाटनाला त्यांना बोलावलं होतं. मालक तीन भागीदार, आणि तिघांनाही फोटोत मधे उभं राहायचं होतं. नानांनी तिघांना एकदम शाली घातल्या आणि फोटोग्राफरला तीन फोटो काढायला लावले, दरवेळी मधला बदलून. तिघांच्या घरी वेगवेगळे फोटो लागले. कारखाना पुढे बंद पडला, पण भागीदार भांडून वेगळे झाले नाहीत.

स्वतःच्या बाबतीत मात्र नाना अवघड होते. जेवायला दोनदा बोलावल्याशिवाय ते उठत नसत. एकदा सांगितलं तर तो निरोप; दुसऱ्यांदा सांगितलं तर आमंत्रण. नानी, त्यांची बायको, कपाळावर हात मारून मला म्हणायच्या, “सोताच्या घरात बी दोनदा बोलवावं लागतं. मी एकदाच हाक मारली तर भाकरी वाळून जाईल पण हा माणूस खाटेवरून हलायचा नाय.”

हे सगळं माझ्या कचेरीत कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मीच सांगितलं.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. आपण आणि शेजारपाजारचे सहा देश मिळून सात देशांची जी संघटना आहे, तिचं अध्यक्षपद फिरत फिरत आपल्याकडे येणार होतं. मुख्य समारंभ दिल्लीत. पण त्याआधी त्या सहा देशांच्या शेतीखात्यांतल्या अधिकाऱ्यांना देश दाखवायचं ठरलं, आणि द्राक्षांसाठी एक दिवस नाशिकच्या वाट्याला आला. दिल्लीहून फॅक्स येऊ लागले. झेंड्यांची उंची, खुर्च्यांमधलं अंतर, पाहुण्यांचा क्रम इंग्रजी अक्षरांप्रमाणे. सगळ्यात वर लिहिलेलं असे की यजमान देशाच्या प्रतिष्ठेला बाध येईल असं काहीही घडू नये. साहेबांनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “हे तुम्ही बघा.” मी घाबरून नानांकडे गेलो.

नाना शेवंतीला पाणी देत होते. मी सांगत होतो ते त्यांनी पाण्याची बारी बदलता बदलता ऐकलं.

“म्हणजे यंदा मुलीकडचे आपण,” ते म्हणाले.

मी म्हटलं, नाना, हे लग्न नाही, अध्यक्षपद आहे. मोठा मान असतो.

“कसला मान? घर झाडायचं, मांडव घालायचा, सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, वर आपण हसत उभं राहायचं. ह्याला मुलीचं लग्न म्हणतात. आणि काय हो, तुमच्या कागदात आपला माणूस पाहुण्यांच्या मधोमध बसवलाय. मुलीकडचे पंगतीला बसत नाय. ते वाढतात.”

हे शेवटचं मी साहेबांना जसंच्या तसं सांगितलं, फक्त ‘स्थानिक परंपरा’ असा शब्द घालून. आश्चर्य म्हणजे ते दिल्लीपर्यंत मंजूर झालं. खाली गाद्या, पुढे चौरंग, मांडे आणि आमटी, आणि वाढायला आमचे अधिकारी. जिल्ह्यातले चार वर्ग एकचे अधिकारी आठवडाभर कचेरीच्या गच्चीवर बादलीतून पळीनं पाणी वाढायचा सराव करत होते.

नानांनी दिंडोरीला, ज्या बागेत जेवण व्हायचं होतं तिथेच, रंगीत तालीम घेतली. शेतकऱ्यांना सहा देश वाटून द्यायला घेतले. नेपाळ आणि भूतान ज्यांना दिले ते सख्खे चुलतभाऊ निघाले, बांधावरून बोलणं बंद असलेले. त्यांच्या मधे नानांनी बांगलादेश बसवला. मालदीवला बसवलेले गृहस्थ लगेच तक्रार करू लागले की मला पाण्याच्या हंड्यापाशी का बसवलं.

“तुमचा देशच पाण्यात हाय,” नाना म्हणाले. गृहस्थ हंडा जरा बाजूला सारून बसले.

पाकिस्तान व्हायला कोणी तयार होईना. शेवटी नाना स्वतः त्या गादीवर जाऊन बसले आणि वाढणाऱ्या अधिकाऱ्यांना म्हणाले, “वाटणी झालेला भाऊ लग्नाला आला, हेच लय झालं. त्याला आधी वाढायचं, आणि जमिनीचा विषय काढायचा नाय. एवढं करा, बाकी दिल्लीवाले बघतील.”

तालीम संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. सहा घरचे सहा पाहुणे, रुसवा होणारच, म्हणून आपला तयार ठेवायचा. रुसणार ते स्वतः. गंध लावलं नाही म्हणून उठतील, द्राक्षांच्या ओळींपलीकडे बांधावर जाऊन बसतील. समजूत घालायला मी जायचं. मी नको नको म्हणत होतो. पण नानांना नाही म्हणणं मला जमत नसे, आणि खरं सांगायचं तर मला त्याची गंमतही वाटत होती.

“म्हणा बघू, काय म्हणाल?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आपण कृपया भोजनास चलावं.

“ही नोटीस झाली. रुसलेल्या माणसाला आधी चूक कबूल करून दाखवायची. चूक असो नसो. असं म्हणा: चुकलं आमचं, नाना. पान थांबलंय तुमच्यासाठी. चला.”

मी म्हणून दाखवलं. त्यांना पसंत पडेना. माझं ‘चुकलं’ त्यांना चोरटं वाटे. बागेच्या मालकानं आमच्याकडे बघावं आणि पुन्हा बघावं इतक्या वेळा त्यांनी ते माझ्याकडून घोटून घेतलं. शेवटी म्हणाले, “आता बरं हाय. आणि दोनदा बोलवा. एकदा बोलावून मागं फिरू नका.”

तो दिवस उजाडला. पाहुणे आले, बाग पाहिली, द्राक्षं खाल्ली. मालदीवचे पाहुणे कांद्याच्या चाळीतही रमले. त्यांच्या स्वयंपाकघरातला कांदा कुठून येतो ते त्यांना बघायचं होतं. मग टोपी-उपरणं झालं, आणि तिथे माशी शिंकली. एका पाहुण्याच्या उपरण्याचा काठ दुसऱ्याच्या काठापेक्षा रुंद निघाला. देशांची नावं सांगत नाही. त्यांच्यात आधीच पुरेसं आहे. अरुंद काठवाले पाहुणे मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले आणि आपलं पोट ठीक नसल्याचं म्हणाले. त्यांनी बूट काढले नाहीत. ते बूट काढत नाहीत म्हटल्यावर आणखी एकांनी बुटाची अर्धी सोडलेली नाडी पुन्हा बांधली. दिल्लीचे मोठे साहेब आमटीची पळी हातात घेऊन हसत उभे होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

नानांना कळलं होतं. ते बूट बघत होते.

ते उठले. “आमाला कोणी गंध लावलं नाय,” एवढंच म्हणाले, पण असं म्हणाले की सगळं ठाऊक असून मलाही ते क्षणभर खरं वाटलं. टोपी नीट केली, मांडवाबाहेर पडले आणि द्राक्षांच्या दोन ओळींमधून चालत बांधावर जाऊन मांडवाकडे पाठ करून बसले. रुसलेल्यानं पाठ करायची, हा नियम त्यांचाच.

दुभाष्यानं पाहुण्यांना सांगितलं की घरातले वडीलधारे नाराज झालेत. त्यावर मांडवात जे घडलं ते कुठल्या फॅक्समध्ये नव्हतं. अरुंद काठवाल्यांनी पटकन बूट काढले आणि गादीवर बसले, लग्नघरात वेळ आली की पाहुणा सांभाळून घेतो तसे. माझ्या घरीही असेच एक काका आहेत, ते म्हणाले. रुंद काठवाले म्हणाले, माझे तर दोन आहेत. पाहता पाहता सहाही देशांचे काका निघाले. कोणी पगडीवरून रुसलेला, कोणी माशाच्या तुकड्यावरून. हसू फुटलं, मांडे मोडले गेले. नानांचं काम झालं होतं. आता माझं राहिलं होतं. मी निघालो.

दिल्लीच्या साहेबांनी माझी बाही धरली. चेहरा पांढरा पडला होता. “ये कौन है? प्याज के भाव का कोई आंदोलन है क्या?”

मी बांधाकडे बघितलं.

“आप जानते हैं इसे?”

पळीतली आमटी त्यांच्या बुटावर ठिबकत होती, माझे साहेब आणि तालीम केलेले अधिकारी त्यांच्या मागून माझ्याकडे बघत होते. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी गेली कित्येक वर्षं शोधतो आहे, सापडत नाही. मी म्हणालो, “नहीं सर. गाँव का कोई होगा.” आणि मग कोणी विचारलेलं नसताना बोट डोक्यापाशी नेऊन फिरवलं.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. वेडा म्हणजे आंदोलन नव्हे. त्यांनी एका हवालदाराला बांधावर पाठवलं: पाहुणे जाईपर्यंत त्याला तिथून हलू द्यायचं नाही.

जेवण लांबलं. मला द्राक्षांच्या वेलींखालून पांढऱ्या टोपीचा एक तुकडा दिसत होता. नाना पाठ करून बसलेले, त्यामुळे कोणी येत नाही हे त्यांना दिसत नव्हतं. हात धुताना मालदीवच्या पाहुण्यांनी मला इंग्रजीत विचारलं, ते काका जेवले का? मी म्हटलं, हो, जेवले. त्यांनी समाधानानं मान हलवली. त्या दिवशी नानांची चौकशी केलेला तो एकटा माणूस, हजार मैलांवरून आलेला.

गाड्या गेल्या. धुळीबरोबर मीही साहेबांच्या जीपमधून गेलो. हवालदार मला पुढे कधीतरी भेटला तेव्हा म्हणाला की म्हाताऱ्याला त्यानं पाणी दिलं, घरी सोडतो म्हणाला, पण तो उठेना. “म्हणत व्हता, तुमी नका. कचेरीतले भाऊसाहेब येतील. त्यांचं पाठांतर झालंय.”

आमच्या कचेरीला दिल्लीहून शाबासकी आली. दौऱ्यातलं सर्वांत खेळीमेळीचं वातावरण नाशिकला होतं असं कळवलं होतं. इकडे गावात भलतीच गोष्ट पसरली: पुंजानाना, ज्यांनी दुसऱ्यांचे रुसवे काढले, तेच परदेशी लोकांपुढे गंधासाठी रुसले, देशाची अब्रू घालवली, आणि आता डोकंही ठिकाणावर नाही म्हणतात. लग्नांची बोलावणी थांबली. डोक्यावर परिणाम झालेल्याला मानपान कोण देईल? नानांनी एक शब्द सांगितला असता तर सगळं मिटलं असतं. ठरवलेला रुसवा सांगायचा नसतो, म्हणून सांगितला नाही. मी कुठल्याच नियमानं बांधलेला नव्हतो. मी खोल्या सोडल्या आणि सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेलो.

फुलबाजारात नानी दिसत. दसऱ्याला एकदा तोंड चुकवता आलं नाही. झेंडू तोलता तोलता त्यांनी माझ्या घरचं सगळं विचारलं. मग मला विचारणं भागच होतं. नाना कसे आहेत?

“घरी आलेत,” त्या म्हणाल्या. “पण उठले नाय अजून.”

अध्यक्षपद दोनेक वर्षं आपल्याकडे राहिलं आणि पुढच्या देशाकडे गेलं. पुढे त्या संघटनेत एकेक जण खरोखरच रुसत गेला, आणि ठरवून रुसून दाखवणारं कोणी तिच्यात नव्हतं, असं पेपर वाचताना मला वाटतं.

नानांना मी शेवटचं पाहिलं ते आणखी काही वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर, कचेरीतल्या एकाच्या मुलाच्या लग्नात. आता मांडव नव्हता, पंगत नव्हती. बुफे होता. लोक बूट घालून, ताटं हातात घेऊन रांगेत उभे होते, आणि कोण रुसलंय हे ओळखायला काही साधनच राहिलं नव्हतं. नवरीकडून नाना नात्यातले असावेत. पार्किंगच्या बाजूला एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ते बसले होते, गर्दीकडे पाठ करून. पायात चपला. जेवले नव्हते, हे सांगायला कोणी नको होतं. त्यांना कोण बोलावणार? बुफेला कोणी कोणाला बोलावत नाही.

मी जवळ गेलो. वाक्य पाठ होतं. एवढ्या वर्षांत त्यातला एक शब्दही विसरलो नव्हतो. पण ‘चुकलं’ पाशी जीभ अडली. तो शब्द खोटा होता तेव्हा मी इतका घोटला होता की खरा झाल्यावर बाहेर येईना. तो गाळून मी म्हणालो, “नाना, चला, जेवून घेऊ.”

त्यांनी वर पाहिलं नाही. माझ्या बुटांकडे पाहिलं. ओळखलं असणार. मग त्यांनी सावकाश टोपी सारखी केली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, उठायच्या बेतातला माणूस ठेवतो तसे, आणि थांबले.

ते कशासाठी थांबलेत हे तिथल्या शेकडो माणसांत फक्त मला ठाऊक होतं.

तेवढ्यात माझे जुने साहेब स्टेजवरून माझं नाव पुकारू लागले. कचेरीचा एकत्र फोटो काढायचा होता. आलोच, असं मी नानांना हातानं खुणावलं. त्यांना ते दिसलं की नाही सांगता येत नाही, कारण ते खाली बघत होते. फोटोत मी मधे आलो आहे. परत आलो तेव्हा खुर्ची होती, नाना नव्हते. त्याच पावसाळ्यात ते गेले, आणि मला ते उशिरा कळलं.

म्हणून हे लिहून ठेवतो. पुंजानाना रुसले नव्हते. ते ठरलं होतं, आणि समजूत घालायला जायचं काम माझं होतं. आणि मी एकदा बोलावून मागे फिरलो, तर हे दुसऱ्यांदा:

चुकलं आमचं, नाना. पान थांबलंय तुमच्यासाठी. चला.